डेबियन वापरताना अडलात? मदत मागण्याआधी काय वाचायचं, कुठे आणि कसं

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम संगणकावर नव्यानं टाकणाऱ्याचं घोडं बहुतेकदा पहिल्या दिवशीच अडतं. एखादं सॉफ्टवेअर टाकायला टर्मिनल उघडावं, कमांडच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकारानं कमांड चालवायची सोय) लिहावं, पासवर्ड द्यावा, आणि उत्तर यावं की हा युजर ‘सुडोअर्स’ फाइलीत नाही. संगणक आपला, पासवर्ड बरोबर, मग परवानगी का नाही? डेबियनच्या मदतगटांत हा प्रश्न वर्षानुवर्षं येत राहिला आहे. त्याचं उत्तर इन्स्टॉलरच्या पडद्यावरच असतं. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाच्या खात्याचा, पासवर्ड जिथे विचारतात, तिथेच लिहिलेलं असतं की ही चौकट रिकामी ठेवली तर रूटचं खातं बंद राहील आणि पहिल्या युजरला सुडोचे अधिकार मिळतील. पासवर्डची चौकट रिकामी सोडणं मनाला पटत नाही, म्हणून लोक ती भरतात आणि वरचा मजकूर न वाचता पुढे जातात.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. अडलात तर काय वाचायचं, कोणत्या क्रमानं वाचायचं, वाचून नाही सुटलं तर प्रश्न कसा मांडायचा, हे डेबियनच्या उदाहरणानं सांगतो. बाकी मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांतही थोड्याफार फरकानं हेच चालतं.

सुरुवातीलाच एक सूचना. इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

उत्तर देणारी माणसं कोण आहेत

इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ ला डेबियन सुरू केलं. आज त्यात ७० हजारांच्या घरात पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार बांधून ठेवलेली सॉफ्टवेअरं, आहेत आणि ती सांभाळणारे बहुतेक जण हे काम स्वतःच्या वेळात, पगाराविना करतात. मदतगटांत उत्तरं देणारेही तसेच. तिथे तक्रार क्रमांक मिळत नाही, उत्तर अमुक वेळेत येईल अशी हमी नसते आणि तुमचा प्रश्न कुणा एकावर सोपवलेला नसतो. ज्याला वाटेल, ज्याला वेळ असेल, तो उत्तर देतो.

आधी वाचून या, असं इथे सांगतात त्यामागचं कारण हेच. नव्या माणसाला दारात अडवायचा त्यात हेतू नसतो. पॅकेज सांभाळणाऱ्यानं एखादी गोष्ट नीट विचार करून, तपासून एकदा लिहून ठेवलेली असते. तीच गोष्ट चॅटवर घाईत विचारली तर मिळणारं उत्तर त्याहून कच्चं असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय वाचल्यामुळे प्रश्न बदलतो. ‘वायफाय चालत नाही’ म्हणत आलेला माणूस वाचून झाल्यावर ‘अमुक फाइल मिळत नाही, ती कोणत्या पॅकेजात आहे’ असं विचारू लागतो. या दुसऱ्या प्रश्नाला कुणीही दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतं.

पहिली पायरी : पडद्यावर काय आलंय ते पूर्ण वाचा

एरर आली की पहिली ओढ ती खिडकी बंद करण्याची असते. तसं करू नका. संदेश जसाच्या तसा, शब्द न् शब्द उतरवून ठेवा. लांबलचक आउटपुट असेल तर वर सरकून पहिली एरर शोधा, कारण खालच्या पंधरा ओळी बऱ्याचदा त्या पहिल्या चुकीचेच परिणाम असतात.

ज्यांनी संगणक मराठीत ठेवला आहे त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) निवडलं की काही प्रोग्रॅम आपले संदेश मराठीत दाखवतात. रोजच्या वापराला ते छानच आहे, पण तो मराठी संदेश शोधयंत्रात टाकला तर हाती काहीच लागत नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. अशा वेळी कमांडच्या आधी त्याच ओळीत ‘एलसी_ऑल=सी’ लिहा. तेवढ्या एका कमांडपुरता मूळ इंग्रजी संदेश मिळतो, बाकी सगळं मराठीतच राहतं.

दुसरी पायरी : आपल्याकडे काय आहे ते टिपून ठेवा

डेबियनची कोणती आवृत्ती आहे ते ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘ओएस-रिलीज’ या फाइलीत असतं. कर्नलची, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याची, आवृत्ती ‘यूनेम -ए’ सांगतं. हार्डवेअरचा प्रश्न असेल तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा, त्यात प्रत्येक उपकरणाखाली त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) दिसतो. आणि सगळं बिघडण्याच्या आधी तुम्ही शेवटचं काय बदललंत तेही लिहा. पुढे वाचताना आवृत्तीचा क्रमांक पदोपदी लागतो. डेबियन ११ साठी लिहिलेला उपाय १३ वर लागू पडेलच असं नाही.

तिसरी पायरी : मॅन पान वाचायला शिका

डेबियनच्या नियमांनुसार प्रत्येक कमांडला मॅन पान, म्हणजे तिच्या वापराची माहिती देणारं पान, असणं अपेक्षित आहे. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचं नाव लिहिलं की ते उघडतं, इंटरनेट नसलं तरी. नवी माणसं एकदा उघडून बघतात, मजकुराची भिंत पाहून हात टेकतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. खरं तर मॅन पान वरपासून खालपर्यंत वाचायचं नसतंच. ते कसं वाचतात, हे कुणीतरी एकदा दाखवायला हवं.

पान उघडल्यावर तिरकी रेघ टाइप करून शब्द लिहिला की शोध लागतो, ‘एन’ दाबलं की पुढचा सापडलेला शब्द, आणि ‘क्यू’ दाबलं की बाहेर. वापरायला एवढं पुरतं.

पानाच्या सुरुवातीला ‘सिनॉप्सिस’ नावाचा भाग असतो. कमांड किती तऱ्हांनी लिहिता येते याचा तो आराखडा. चौकोनी कंसात जे आहे ते ऐच्छिक. दोन शब्दांमध्ये उभी रेघ असेल तर त्यांतला एकच घ्यायचा. तीन टिंबं असतील तर आधीची गोष्ट अनेकदा देता येते. अधोरेखित किंवा तिरप्या अक्षरांत जे आहे तिथे आपली किंमत घालायची. हे चार संकेत कळले की निम्मं मॅन पान कळलं.

सुडोच्याच अडचणीवर हे करून पाहू. युजरला सुडो नावाच्या गटात घालायचं आहे. ‘ॲडयूजर’ या कमांडचं मॅन पान उघडा. सिनॉप्सिसमध्ये तिची चार-पाच रूपं दिसतील. बहुतेक नवा युजर किंवा नवा गट तयार करण्यासाठी आहेत, पण एका रूपात फक्त दोन शब्द आहेत, युजर आणि गट. खाली त्याचं स्पष्टीकरण मिळतं की दोन नावं दिली तर आधीपासून असलेला युजर आधीपासून असलेल्या गटात घातला जातो. आपल्याला हवं ते हेच.

आता हे रूट होऊन करायला हवं. म्हणून ‘एसयू’ लिहून रूटचा पासवर्ड दिला, ‘ॲडयूजर’ चालवलं, आणि उत्तर आलं की अशी कमांडच नाही. इथे भले भले गोंधळतात, कारण नुकतंच तर तिचं मॅन पान वाचलं होतं! खुलासा ‘एसयू’च्या मॅन पानात आहे, तोही वर्णनाच्या सुरुवातीच्या परिच्छेदांत. नुसतं ‘एसयू’ लिहिलं तर तुमच्या आधीच्या वातावरणातल्या बऱ्याच गोष्टी तशाच राहतात, म्हणून नेहमी ‘लॉगिन’ हा पर्याय लावावा, अशी शिफारस तिथे केलेली आहे. प्रशासनाच्या कमांड ‘एसबिन’ फोल्डरांत असतात आणि साध्या युजरच्या शोधमार्गात (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांच्या यादीत) ती फोल्डरं नसतात. २०१९ च्या डेबियन १० पासून ‘एसयू’ हा मार्ग आपणहून बदलत नाही. त्याआधी तसं नव्हतं, म्हणून जुन्या लेखांत नुसतं ‘एसयू’ लिहिलेलं आढळतं. तेव्हा ‘एसयू’ पुढे जागा सोडून एक आडवी रेघ द्या (ते ‘लॉगिन’ पर्यायाचंच लघुरूप), मग ‘ॲडयूजर’, युजरचं नाव आणि ‘सुडो’. त्यानंतर एकदा लॉग आउट करून परत आत या, कारण नवा गट लॉगिनच्या वेळीच लागू होतो.

दोन मॅन पानं वाचून अख्खा प्रश्न सुटला, आणि कमांडचा शोधमार्ग म्हणजे काय हे जाता जाता कळलं. ते ज्ञान पुढे शंभर ठिकाणी कामी येतं. कुणी तयार ओळ हातात दिली असती तर ते मिळालं नसतं.

मॅन पानांचे विभाग असतात आणि त्यांना क्रमांक असतात. १ मध्ये साध्या युजरच्या कमांड, ५ मध्ये फाइलींची मांडणी, ८ मध्ये प्रशासनाच्या कमांड. ‘पासडब्ल्यूडी’ हे नाव १ मध्येही आहे आणि ५ मध्येही. पहिलं पान पासवर्ड बदलायच्या कमांडचं, दुसरं युजरांची यादी असलेल्या फाइलीचं. फाइलीबद्दल वाचायचं असेल तर ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’ असं लिहावं लागतं. कुणी नावापुढे कंसात आकडा लिहून ‘हे वाच’ म्हणालं, तर तो आकडा या विभागाचा असतो. कमांडचं नावच माहीत नसेल तर ‘ॲप्रोपोस’ लिहून विषयाचा इंग्रजी शब्द द्या, संबंधित पानांची यादी येते.

चौथी पायरी : पॅकेजबरोबर आलेली कागदपत्रं

‘यूएसआर’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘डॉक’, असं एक फोल्डर आहे. तुम्ही टाकलेल्या प्रत्येक पॅकेजचं एक फोल्डर तिथे असतं. त्यात ‘रीडमी डॉट डेबियन’ नावाची फाइल सापडली तर ती आवर्जून वाचा. मूळ प्रकल्पाहून डेबियनमध्ये काय वेगळं आहे, कुठली सेटिंग वेगळ्या जागी ठेवली आहे, हे सांभाळणाऱ्यानं त्यात लिहिलेलं असतं. मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचं मार्गदर्शन तंतोतंत पाळूनही काम होत नाही, तेव्हा गोम बहुधा याच फाइलीत सापडते. ‘न्यूज डॉट डेबियन’ या फाइलीत अपग्रेडनंतर वागणूक कुठे बदलली ते असतं. या फाइली कधी ‘जीझेड’ स्वरूपात दाबलेल्या असतात. त्या ‘झेडलेस’नं थेट वाचता येतात.

माझ्या मते डेबियनमधली सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. आपल्याच डिस्कवर असते आणि कुणी उघडत नाही.

पाचवी पायरी : रिलीज नोट्स

प्रत्येक आवृत्तीबरोबर रिलीज नोट्स येतात. त्यात ‘माहीत असाव्यात अशा अडचणी’ या आशयाचं एक प्रकरण असतं. अपग्रेड करण्याआधी तेवढं तरी डोळ्यांखालून घाला. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ चंच घ्या. त्यात तात्पुरत्या फाइलींचं ‘टीएमपी’ फोल्डर आता मुळातच मेमरीत राहतं, म्हणजे संगणक बंद केला की तिथलं सगळं जातं, आणि मोठ्या फाइली तिथे टाकल्या तर रॅम भरते. ज्यांना या फोल्डरात काम ठेवून देण्याची सवय आहे त्यांना हे आधी कळलेलं बरं. तसंच जुन्या ३२-बिट इंटेल संगणकांसाठी १३ मध्ये इन्स्टॉलर आणि कर्नल दिलेलं नाही. जुन्या लॅपटॉपवर डेबियन चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी ही एक ओळ वाचली तर एका रविवारची खटपट वाचेल.

एक अडचण अथपासून इतिपर्यंत

वायफायचं उदाहरण घेऊ. समजा, डेबियन ११ वरून १२ वर अपग्रेड केलेला लॅपटॉप आहे. नंतर त्यात इंटेलचं वेगळं वायफाय कार्ड बसवलं आणि ते चालेना.

‘डीएमईएसजी’ ही कमांड सुडो लावून चालवा, ती कर्नलचे संदेश दाखवते. त्यात ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ शोधा. अशी ओळ दिसेल की अमुक नावाच्या फर्मवेअर फाइलीचं (उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल) ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ फसलं, ‘एरर -२’. इथे बरेच जण ती ओळ उचलून मदतगटात टाकतात. थांबा, उणे दोन म्हणजे काय ते बघू. कर्नलच्या एररना क्रमांक असतात. ‘मोअरयूटिल्स’ पॅकेजात ‘एररनो’ नावाची छोटी कमांड आहे, तिला २ दिलं की ती सांगते, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही, ड्रायव्हरही आहे. त्याला एक फाइल हवी आहे आणि ती डिस्कवर नाही.

पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. हा ड्रायव्हर फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून सुरू करून एकेक जुनी आवृत्ती शोधत जातो. त्यामुळे कार्ड उत्तम चालत असलेल्या संगणकावरही उणे दोनच्या एकदोन ओळी दिसू शकतात. त्या सगळ्यांनंतर ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ अशी ओळ आहे का ते पाहा. ती असेल तरच एकही आवृत्ती सापडली नाही असं समजायचं. पूर्ण आउटपुट वाचा असं वर सांगितलं ते यासाठीच.

आता ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे? डेबियनच्या संकेतस्थळावर पॅकेजेसचं एक पान आहे, त्यात पॅकेजांच्या आतल्या फाइलींच्या नावावरून शोधता येतं. उत्तर येतं ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’. ते ‘ॲप्ट’ या पॅकेज टाकायच्या कमांडनं टाकायला गेलात तर पॅकेज मिळत नाही म्हणून सांगतं. का? पॅकेजच्या पानावर त्याचा विभाग दिलेला असतो : ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’. आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मुक्त नसलेलं फर्मवेअर आता या नव्या विभागात हलवलं आहे, अपग्रेड करणाऱ्यांनी आपल्या ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते लिहिलेल्या फाइलीत) तो जोडून घ्यावा. डेबियन १२ नव्यानं टाकणाऱ्यांना इन्स्टॉलर गरजेप्रमाणे तो आपणहून जोडून देतो, म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर हे दुखणं दिसत नाही.

त्या फाइलीत ‘मेन’ या शब्दापुढे जागा सोडून विभागाचं नाव लिहा, ‘ॲप्ट अपडेट’ करा, पॅकेज टाका, संगणक पुन्हा सुरू करा. वायफायच नाही तर हे उतरवून कसं घ्यायचं? फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोनना त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विकी, बाहेरचे लेख आणि चॅटबॉट

डेबियनचा विकी मोठा आहे, पण सगळी पानं सारखी ताजी नाहीत. पान कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते आधी पाहा. ‘डोन्ट ब्रेक डेबियन’ हे पान मात्र नव्या माणसानं पहिल्याच आठवड्यात वाचावं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची पॅकेजेस डेबियनमध्ये घालणं, स्थिर आवृत्तीत चाचणी आवृत्तीचे स्रोत मिसळणं, कुठल्याशा संकेतस्थळावरची स्क्रिप्ट रूट होऊन चालवणं, यांतून संगणक कसा खिळखिळा होतो ते त्यात समजावलं आहे. आर्च लिनक्स या आणखी एका प्रणालीचा विकी माहितीनं समृद्ध आहे आणि संकल्पना समजून घ्यायला मी तो बिनदिक्कत सुचवतो, फक्त पॅकेजांची नावं आणि फाइलींच्या जागा तिथून उचलू नयेत.

चॅटबॉटकडून उपाय घेतला असेल तर त्यातला प्रत्येक पर्याय मॅन पानात आहे का ते कमांड चालवण्याआधी तपासा. अस्तित्वात नसलेले पर्याय ते अगदी ठामपणे सांगतात. आणि पुढे प्रश्न विचारायची वेळ आली तर असा उपाय करून पाहिल्याचं लिहा, कारण त्यानं नेमकं काय बदललं हे उत्तर देणाऱ्याला कळायला हवं.

किती वाचलं की पुरे?

जन्मभर वाचत बसा, असं कुणी म्हणत नाही. एरर शोधून पाहिली, संबंधित मॅन पान आणि पॅकेजचं फोल्डर पाहिलं, रिलीज नोट्समध्ये शोधलं, बगांच्या म्हणजे दोषांच्या नोंदी चाळल्या, तरी सुटत नसेल तर निःसंकोच विचारा. वाचलं पण कळलं नाही, हेही विचारण्याचं रास्त कारण आहे. ‘अमुक मॅन पानातला अमुक परिच्छेद वाचला, त्यातल्या या वाक्याचा अर्थ लागत नाही’ असा प्रश्न आला की अनुभवी लोकांना बरं वाटतं, आणि कधी कधी ते वाक्यच सुधारलं जातं. डिस्कवरचा डेटा धोक्यात असेल, तर मात्र वाचनाचा हिशेब सोडा. संगणकाला हात लावणं थांबवा आणि लगेच विचारा.

बग नोंदींविषयी थोडं. १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात डेबियननं शब्द दिला आहे की अडचणी लपवणार नाही आणि बगांची संपूर्ण नोंद सतत सगळ्यांना खुली ठेवेल. म्हणून कुठल्याही पॅकेजचे माहीत असलेले दोष तुम्हाला पाहता येतात. ‘रिपोर्टबग’ ही कमांड चालवली तर नवा बग लिहायच्या आधी ती जुन्यांची यादी पुढे ठेवते. तुमची अडचण त्यात असेल तर बऱ्याचदा तात्पुरता तोडगाही तिथल्याच संवादात मिळतो.

प्रश्न लिहिताना

‘डेबियन-यूजर’ ही मेलिंग लिस्ट (सगळ्या सदस्यांना मेल पोचवणारा गट) आणि ओएफटीसी या आयआरसी (मजकुरातून थेट गप्पांची सोय) जाळ्यावरचा डेबियनचा चॅनल, या दोन मुख्य जागा. थोडा विचार करून लिहायचं असेल तर लिस्ट बरी, झटपट खुलासा हवा असेल तर आयआरसी. आयआरसीवर ‘एक प्रश्न विचारू का?’ असं न म्हणता थेट प्रश्नच टाका आणि खिडकी उघडी ठेवा. उत्तर तासाभरानंही येऊ शकतं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा युरोपात संध्याकाळ व्हायची असते, त्या सुमारास वर्दळ बरी असते.

इंग्रजी कच्चं असल्याचा संकोच आपल्यातल्या अनेकांना असतो. तो मनातून काढून टाका. डेबियनमध्ये जगभरातली माणसं आहेत आणि कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही. २०२३ मध्ये त्यांची वार्षिक परिषद आपल्या देशातच, कोचीत झाली. लहान, साधी वाक्यं लिहा. कमांड आणि तिचं आउटपुट जसंच्या तसं दिलंत तर व्याकरणाच्या चुकांनी काही बिघडत नाही.

मथळ्यात ‘हेल्प’ आणि चार उद्गारचिन्हं नकोत. अडचण मथळ्यातच कळू दे. वरच्या वायफायच्या उदाहरणात फर्मवेअर टाकूनही काम झालं नसतं, तर प्रश्न साधारण असा लिहिता येईल (मराठीत देतो, पाठवताना इंग्रजीत) :

‘डेबियन १२ : फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय टाकल्यावरही “नो सूटेबल फर्मवेअर फाउंड”.

लॅपटॉप ११ वरून १२ वर अपग्रेड केला आहे. नंतर वायफाय कार्ड बदललं. मला वायफाय चालू करायचं आहे. रिलीज नोट्सप्रमाणे नॉन-फ्री-फर्मवेअर विभाग जोडला, पॅकेज टाकलं, संगणक पुन्हा सुरू केला. कर्नल ज्या नावाची फाइल मागतो आहे ती पॅकेजच्या फाइलींच्या यादीत मला दिसत नाही. यूनेम, एलएसपीसीआय आणि डीएमईएसजीतल्या संबंधित ओळी खाली देत आहे. या कार्डाला नवं कर्नल आणि नवं फर्मवेअर लागतं का, आणि ते बॅकपोर्ट्समधून घेणं योग्य ठरेल का?’

(बॅकपोर्ट्स म्हणजे स्थिर आवृत्तीवर चालतील अशी बनवलेली नवी पॅकेजेस.) असा मजकूर वाचणाऱ्याला उलट एकही प्रश्न विचारावा लागत नाही. याउलट ‘अपग्रेडनंतर वायफाय गेलं, काय करू?’ याला उत्तर म्हणून सहा प्रश्न येतात आणि दोन दिवस त्यातच जातात.

मूळ हेतू जरूर सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ‘या फाइलीची परवानगी ७७७ (कुणालाही काहीही करता येईल अशी) कशी करू’ असं कुणी विचारतं, आणि अर्ध्या तासानं कळतं की त्याला घरातल्या दोन संगणकांत फोटो वाटून घ्यायचे होते. त्यासाठी चांगला आणि सुरक्षित रस्ता वेगळाच असतो.

मेल साध्या मजकुरात पाठवा. जीमेलमध्ये लिहिण्याच्या खिडकीतल्या तीन टिंबांखाली ‘प्लेन टेक्स्ट मोड’ आहे. टर्मिनलचा फोटो न काढता मजकूर कॉपी करा, संगणक सुरूच होत नसेल तर गोष्ट वेगळी. उत्तर देताना समोरच्याचा आवश्यक तेवढाच भाग ठेवून त्याखाली लिहा आणि लिस्टवरच पाठवा. उत्तर देणाऱ्याला खासगीत गाठू नका. २०१४ मध्ये डेबियननं स्वीकारलेल्या आचारसंहितेत याचं कारण नीट दिलं आहे : उघड विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, आणि उत्तर देणाऱ्याकडून नकळत काही चुकलं तर ते बाकीच्यांच्या लक्षात येऊन दुरुस्त होतं. तुमचं लिहिणं शेकडो जण वाचणार आहेत, म्हणून ते आटोपशीर ठेवा, असंही तीच संहिता सांगते.

पाठवण्याआधी एकदा वाचून पासवर्ड, वायफायचं नाव, उपकरणांचे पत्ते असं खासगी काही राहिलं असेल तर पुसा. लिस्ट आणि बग नोंदी दोन्ही सार्वजनिक असतात, तुमच्या ईमेल पत्त्यासकट, आणि एकदा गेलेलं सहसा काढून टाकलं जात नाही.

उत्तर आल्यावर

कुणी फक्त दुवा देऊन ‘हे पाहा’ म्हणालं तर अपमान मानू नका. वेळ नसतानाही त्यानं नेमकं पान शोधून दिलं आहे. ते वाचा, अडलं तर कुठे अडलं ते सांगा. कुणी खरोखरच उर्मटपणे बोललं तर ते आचारसंहितेच्या विरुद्ध आहे. तुम्ही त्याला उत्तर न देता दुसऱ्या कुणाशी बोलणं पुढे न्या. आठवडाभर काहीच आलं नाही, तर त्याच धाग्यात (त्या प्रश्नावरच्या मेलांच्या साखळीत) नवी माहिती घालून एकदा आठवण करा. नवी माहिती नसताना रोज ‘कुणी आहे का?’ लिहून उपयोग होत नाही.

प्रश्न सुटला की कशानं सुटला ते त्याच धाग्यात लिहा. ‘थँक्स, झालं’ एवढ्यावर थांबू नका. तीन वर्षांनी तीच एरर शोधत येणाऱ्याला शेवटचा मेल तुमचा दिसतो आणि त्यात उपाय नसला तर तो हताश होतो.

आणि वाचताना डॉक्युमेंटेशनमध्येच चूक सापडली, तर तीसुद्धा बग म्हणून नोंदवता येते. मॅन पान चुकीचं असेल तर त्या पॅकेजवर, रिलीज नोट्समध्ये काही राहिलं असेल तर ‘रिलीज-नोट्स’ या नावावर. अनुभवी माणसाच्या नजरेतून सुटणारी संदिग्ध वाक्यं नव्या माणसालाच टोचतात, त्यामुळे तुमची नोंद मोलाची आहे. डेबियन टाकताना काय घडलं हे कळवायलाही ‘इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स’ नावाची जागा आहे. सगळं पहिल्या फटक्यात सुरळीत झालं असेल तरी तिथे कळवा, कोणत्या लॅपटॉपवर काय विनातक्रार चाललं हे इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना त्यातूनच समजतं.